येथे अस्पष्ट फोटो दिला जात नाही

गिरगावातली एक अख्खी पिढी परदेशी गेली ती एकाच कोटात. कोट काळा, उजव्या खांद्याला किंचित उतरलेला, मालक तळपदे फोटो स्टुडिओ. पासपोर्टच्या फोटोसाठी आलेल्या माणसाला तो समोरून चढवायचा, पाठीमागे कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचे, खाली लेंगा असला तरी चालायचं. फोटो छातीपर्यंतच. मस्कतला, दुबईला, पुढे न्यू जर्सीला पोचलेल्या या मंडळींनी तिकडे स्वतःचे कोट घेतले असतील. कागदोपत्री मात्र त्यांचा पहिला कोट सामाईक होता.

स्टुडिओ ठाकूरद्वार नाक्यावरून खोताच्या वाडीकडे निघालं की लागायचा. आत काश्मीरचं तळं रंगवलेला पडदा, त्यात एक बदक, जे हंस असावं असा चित्रकाराचा हेतू होता. एक कान तुटलेला लाकडी घोडा. आरशाखाली कंगवा आणि पावडरचा डबा, दोन्ही सार्वजनिक. आणि गल्ल्याच्या वर, लाल अक्षरांत, हाताने रंगवलेली पाटी : ‘येथे अस्पष्ट फोटो दिला जात नाही.’

पाटी स्टुडिओ काढणाऱ्या दादा तळपद्यांची. त्यांचा मुलगा चिंतामणी, म्हणजे ज्यांच्याबद्दल हे लिहितो आहे ते तळपदे, त्या पाटीखाली लहानाचे मोठे झाले. स्टुडिओ बंद होऊन सतरा वर्षं झाली. तरी गेल्या पावसाळ्यात ती पाटी परळला एका सहा वर्षांच्या मुलीच्या वाटेत आडवी आली, आणि त्या मुलीची दृष्टी राहते की जाते अशी वेळ आली. पाटी खिळ्यावर नव्हती, हे विशेष.

मुलीचं नाव माया. तिच्या कवटीची हाडं जन्मतःच वेळेआधी सांधली गेली होती. लहान बाळाच्या कवटीत सांधे मोकळे असतात, आत मेंदू वाढतो तशी कवटी त्याला जागा देते. मायाच्या कवटीने जागा द्यायचं नाकारलं. वर्षाची असताना शस्त्रक्रिया करून डॉक्टरांनी जागा करून दिली, आणि पाच वर्षं सगळं बरं चाललं. मग सकाळी उठल्या उठल्या डोकं धरून बसायचं, दात घासताना ओकारी, असं सुरू झालं. शाळेतल्या बाईंनी निदान केलं : नाटक. तिला रुग्णालयात घेऊन यायची तिची आजी, जाईबाई. आईबाप दोघं नोकरीला, घर ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळीतून नुकतंच तात्पुरतं दुसरीकडे हलवलेलं, नवी इमारत होईपर्यंत.

मेंदूच्या डॉक्टरांना एकच गोष्ट हवी होती : कवटीत दाब पुन्हा वाढलाय का? सीटी स्कॅनवरून नक्की सांगता येईना. पक्कं कळायचं तर भूल द्यायची, कवटीला बारीक भोक पाडून आत तार ठेवायची आणि दोन दिवस दाब मोजायचा. नाहीतर थांबायचं. पण दाब खरंच वाढलेला असला तर थांबण्यात डोळे जातात, आणि ते दुखत नाहीत, गुपचूप जातात.

या दोन वाटांमध्ये तिसरी एक वाट होती, आणि ती तळपद्यांच्या खोलीतून जात होती.

*

तळपदे त्या खोलीत कसे पोचले, हे सांगायला पत्र्याच्या बेडकापासून सुरुवात करावी लागेल.

तळपदे स्टुडिओचं खरं नाव होतं ते मुलांच्या फोटोंसाठी. बारशाचे, जावळाचे, मुंजीचे. दादा काळ्या कापडाखाली शिरले की मूल हमखास भोकाड पसरायचं. तेव्हा दहा वर्षांच्या चिंतामणीला दादांनी चिराबाजारातून एक बेडूक आणून दिला. हिरवा पत्रा, पोटाखाली पट्टी. दाबली की टक्, सोडली की टक्. काम एवढंच, की दादा जिथे सांगतील तिथे बेडूक धरायचा आणि मूल रडायचं विसरेल त्या क्षणी एकदाच वाजवायचा. एकदाच. दुसऱ्या टकला मूल बेडूक मागतं, हे चिंतामणी पहिल्या आठवड्यातच शिकला.

प्रत्येक मुलाचे तीन फोटो काढायचे, उत्तम असेल तो द्यायचा, उरलेले दोन टाकून द्यायचे. दिलेल्या निगेटिव्हवर दादा टोकदार पेन्सिलीने बसत. देवीचे वण बुजत, तिरळेपणा मावळे, उपवर मुलींची हनुवटी जागच्या जागी येई. ‘‘माणूस आहे तसा दिसायला आपल्याकडे येत नाही,’’ दादा म्हणत, ‘‘तसा तो घरी आरशात दिसतो.’’ आणि आणखी एक शिकवण : फोटो हातात घेतल्यावर मुलाची आजी म्हणणार, अगदी बापावर गेलाय. मूल कोणावरही गेलेलं असो, शेजाऱ्यावर का असेना, आपण म्हणायचं, ‘‘अगदी.’’

माझ्याही घरी त्या घोड्यावरचा एक फोटो आहे. पातळ कागदाचा पदर असलेल्या करड्या पुठ्ठ्याच्या घडीत, कोपऱ्यात उठावाची अक्षरं : तळपदे, गिरगाव. फोटोत मी अतिशय प्रामाणिकपणे एका बेडकाकडे बघतो आहे. त्यानंतर इतक्या एकाग्रतेने मी कशाकडे पाहिल्याचं स्मरत नाही.

दादा गेले, रंगीत फोटो आले, मग फोन आले. फोनवर आईच मुलाचे रोज चाळीस फोटो काढू लागली आणि त्यातले चाळीसही ठेवू लागली. तीनांतला एक निवडणाऱ्या माणसाला अशा जगात काही काम नव्हतं. दोन हजार सातच्या दिवाळीनंतर दुकान बंद करायचं ठरलं. लोकांनी निगेटिव्ह घेऊन जाव्यात म्हणून तळपद्यांनी दारावर सूचना लावली. दोन महिन्यांत अकरा जण आले. त्यातले चार कोट कुठेय ते विचारायला.

त्याच दिवसांत डॉ. सरोजिनी वेलकर पासपोर्टच्या फोटोसाठी आल्या. राहायला शिवाजी पार्कला, माहेर गिरगावातलं, म्हणून वाट वाकडी करून. परळला एका ट्रस्टच्या मुलांच्या रुग्णालयात त्या डोळ्यांच्या विभागप्रमुख होत्या. फोटो काढून झाल्यावर त्या काचेतल्या चाळीसेक मुलांच्या फोटोंपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या.

‘‘ही सगळी मुलं एकाच ठिकाणी बघताहेत. कसं केलंत?’’

‘‘बेडूक आहे,’’ तळपदे म्हणाले.

बाईंनी बेडूक पाहिला, वाजवला, परत दिला. ‘‘माझ्याकडे अडीच-तीन वर्षांपासूनची मुलं येतात. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा फोटो घ्यायचा असतो. मशीन आहे, मुलं आहेत. बेडूक नाही. येता का?’’

तळपदे तेव्हा पन्नाशीचे. घरी सांगितल्यावर पत्नी दर्शनाबाई एवढंच म्हणाल्या, ‘‘बाहेरून काढून झाले सगळ्यांचे. आता आतून काढा.’’

*

आतला फोटो असा दिसतो : नारिंगी रंगाचा एक गोल, त्यात तांबड्या शिरांचं जाळं, आणि सगळ्या शिरा जिथून फुटतात तिथे फिकट पिवळी चकती. ती चकती म्हणजे डोळ्याच्या नसेचं तोंड. नस थेट मेंदूकडे जाते, आणि मेंदूभोवतीचं पाणी तिच्याही वेष्टनात असतं. इमारतीची टाकी गच्चीवर असली तरी पाण्याला दाब किती आहे ते तळमजल्यावरच्या नळाला कळतं, तसं. कवटीत दाब वाढला की ही चकती सुजते. तिची कडा, जी एरवी बांगडीसारखी रेखीव असते, ती पुसट होत जाते. भोक नाही, तार नाही. डोळ्यात बघायचं. फक्त मुलाने दोन सेकंद योग्य ठिकाणी बघितलं पाहिजे, आणि ते कोणाच्या बापाला जमत नाही. तळपद्यांना जमत होतं. उजव्या डोळ्याची नस हवी तर बेडूक मुलाच्या डाव्या हाताला, थोडासा; डाव्या डोळ्याची हवी तर उलट. टक्.

वर्ष-दीड वर्षात त्यांचं नाव झालं. फोटोंच्या खोलीत त्यांनी दुकानातली पाटी आणून लावली. डॉक्टर मंडळींना तिचं कौतुक वाटलं. कुणाला धोका दिसला नाही. पाटी सुवाच्य होती.

मग कालिंदी आली. दोन हजार दहा साल. वय सात, अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीतून, डोकेदुखीची तक्रार. शांत, शहाणी मुलगी. बेडकाचीही गरज पडली नाही. तळपद्यांनी सात फोटो काढले. सातांतही चकतीची कडा विस्कटलेली. त्यांनी लेन्स पुसली, फोकस पुन्हा लावला, मुलीला पाणी दिलं. तरी तेच. शेवटी त्यांनी त्यातल्या त्यात बरा फोटो निवडला, संगणकावर घेतला, आणि कडा रेखीव केली. दोन मिनिटांचं काम. दादांना पेन्सिलीने अर्धा दिवस लागला असता. उरलेले सहा, आणि सातव्याची मूळ प्रत, कचरापेटीत टाकली. डॉ. वेलकरांनी फोटो पाहिला, कडा बांगडीसारखी होती, कालिंदी चष्म्याचा नंबर घेऊन घरी गेली.

सहा आठवड्यांनी ती परत आली ती आईचा हात धरून, भिंतीला चाचपत. कवटीत दाब होता. तो सहा आठवड्यांपूर्वीही होता. तळपद्यांनी तो पुसला होता. शस्त्रक्रिया झाली, मुलगी वाचली, उजवा डोळा सावरला. डावा गेला तो गेलाच.

संगणकाच्या कचरापेटीत सगळं जसंच्या तसं पडलेलं होतं. संगणक या बाबतीत दादांपेक्षा सहनशील निघाला. तळपद्यांनी मूळ प्रत छापली, रेखीव केलेलीही छापली, दोन्ही डॉ. वेलकरांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि उभे राहिले. राजीनामा खिशात होता.

बाईंनी दोन्ही बराच वेळ पाहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘तळपदे, तुमच्या दुकानात लोक चांगलं दिसायला येत होते. इथे वाईट दिसायला येतात. त्यांना तेवढं तरी दिसू द्या.’’

राजीनामा त्यांनी घेतला नाही. कालिंदीच्या आईवडिलांना त्यांनी स्वतः बोलावून सांगितलं, सगळं, आणि सांगताना प्रत्येक वाक्य ‘आम्ही’ने सुरू केलं. तळपदे शेजारच्या खुर्चीवर होते. ते ‘आम्ही’ त्यांना आजही जड जातं.

त्या संध्याकाळी त्यांनी पाटी उतरवली, पिशवीत घालून घरी नेली आणि त्याच खिळ्याला कालिंदीचा धूसर फोटो टांगला. खाली नाव नाही, तारीख नाही. नंतर आलेल्यांना वाटे, शोभेचा आहे. कालिंदी आता बी.कॉम. झाली. तळपद्यांना हे माहीत आहे, कारण ते दर वर्षी फोन करतात आणि दर वर्षी डोळ्यांविषयी विचारायचं राहून जातं.

*

गेल्या मे महिन्यात विभागात नवं मशीन आलं. ओसीटी. हे नुसता फोटो काढत नाही, प्रकाशाने पडद्याचा काप काढतं. अळुवडी कापल्यावर थर दिसतात तसे पडद्याचे थर दिसतात, आणि नस किती सुजली ते केसाच्या जाडीहून बारीक मापात मोजता येतं. शिवाय प्रत्येक चित्राला मशीन स्वतःच दहापैकी गुण देतं. तळपद्यांना ही गोष्ट जरा लागली. सोळा वर्षांत त्यांना कुणी गुण दिले नव्हते.

मशीनबरोबर ध्रुव आला, डोळ्यांच्या तंत्राचा पदविकाधारक, वय चोवीस, हुशार, नम्र, तळपद्यांना काका म्हणणारा. आणि जूनमध्ये तळपद्यांचेच मोतीबिंदू काढायचे ठरले, आधी एक, मग दुसरा. दीड महिना रजा. त्या दीड महिन्यात माया दोनदा येऊन गेली. दोन्ही वेळी ध्रुवने लिहिलं : ‘चित्राचा दर्जा अपुरा. पुन्हा काढावे.’

तिसरी खेप जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. आज चित्र आलं नाही तर पुढच्या सोमवारी भूल, भोक आणि तार, असं ठरलेलं. तळपदे नव्या डोळ्यांनी कामावर रुजू होऊन तीन दिवस झाले होते. बाहेरच्या बाकावर जाईबाई बसल्या होत्या आणि ध्रुव त्यांच्यापुढे उभा होता, शाळेत उभं करतात तसा.

‘‘आज पण फोटो नाय आला तर मी इथनं उठणार नाय. सांगून ठेवते.’’

‘‘आजी, ती हलते. मशीन तरी काय करणार?’’

‘‘मी एकतीस वर्षं बालवाडी घेतली, डिलाइल रोडला. चाळीस पोरं एका सतरंजीवर बसवायची, ती पण नाक गळणारी. तुमच्याकडनं एक पोरगी एका खुर्चीवर बसत नाय? आणि वर तिच्या डोक्याला भोक पाडणार!’’

‘‘भोक आम्ही नाही पाडत, आजी. ते वरच्या मजल्यावर.’’

‘‘मोठा दिलासा दिलास रे बाबा.’’

तळपदे खिशात हात घालून बाहेर आले. जाईबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. ‘‘तुम्ही कोण?’’

‘‘फोटोवाला.’’

‘‘मग हा कोण?’’

‘‘तोही फोटोवाला. शिकलेला.’’

मायाला खुर्चीत बसवलं. हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं. तिने कपाळ लावलं आणि लगेच मागे घेतलं. त्या कपाळावर केसांच्या रेषेपासून मागे जाणारा जुना व्रण होता, आणि कपाळाला हात लावणाऱ्या माणसांविषयी तिची मतं पक्की होती. तळपद्यांनी बेडूक काढला. रंग उडून आता तो कुठल्याच रंगाचा नव्हता.

‘‘हा जिवंत आहे?’’ मायाने विचारलं.

‘‘होता. आता रिटायर झालाय.’’

‘‘मला दे.’’

‘‘आधी तो कुठे ओरडतो ते ओळख. डोकं नाही हलवायचं. डोक्याने कोणीही ओळखेल. फक्त डोळ्याने.’’

‘‘त्यात काय!’’ माया म्हणाली, आणि कपाळ पट्टीला लावून बसली.

टक्.

पडद्यावर चित्र उमटलं, कोपऱ्यात लाल चार आला, आणि चित्र गेलं. पुन्हा टक्. लाल चार. तिसऱ्यांदा पाच. माया पुतळ्यासारखी बसली होती. दाराशी उभ्या जाईबाईंनीही श्वास धरून ठेवला होता.

‘‘हलली नाही, काका,’’ ध्रुव पुटपुटला. ‘‘तरी ब्लर येतोय. लेन्स साफ आहे. मला वाटतं भूल देऊनच...’’

‘‘आधीचे दोन कुठे गेले?’’

‘‘कुठले?’’

‘‘चार गुणवाले.’’

‘‘सहाच्या खालचं मशीन ठेवत नाही. सेटिंग आहे तसं. मशीन बसवताना इंजिनिअरने विचारलं, ठेवायचे का? मी म्हटलं, खराब फोटो हवेत कशाला, कचरा नुसता.’’

सतरा वर्षांपूर्वी बंद झालेलं दुकान इथे उघडं होतं. दादा मशीनमध्ये जाऊन बसले होते, तीच पाटी घेऊन. फरक इतकाच की दादा टाकून द्यायच्या आधी निगेटिव्ह एकदा दिव्यासमोर धरत. आणि या खेपेला फोटोला हात कुणीच लावला नव्हता. फोटो टाकण्यासाठी आता कुणाची चूक व्हावी लागत नव्हती.

‘‘ते सेटिंग काढ.’’

‘‘काका, मॅडमना विचारून...’’

‘‘काढ रे. मॅडमना मी सांगतो.’’

ध्रुवने काढलं. टक्. लाल पाच, पण आता चित्र जागच्या जागी राहिलं. तळपद्यांनी खुर्ची पुढे ओढली. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना सगळंच जरा जास्त निळं आणि जास्त धारदार दिसत होतं. त्यांनी एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा.

‘‘इथे, कडेला काय दिसतं?’’ चित्राच्या अगदी टोकाला बोट ठेवून त्यांनी विचारलं.

‘‘शिरा.’’

‘‘कशा?’’

ध्रुव वाकला. ‘‘बारीक. एकदम क्लिअर.’’

‘‘फोकस चुकला असता तर त्या क्लिअर असत्या?’’

ध्रुवने शिरांवरून बोट फिरवलं.

‘‘पोरगी हलली असती तर शिरा दुहेरी दिसल्या असत्या. दिसताहेत?’’

‘‘नाही.’’

‘‘फोटो शार्प आहे, ध्रुव. नस धूसर आहे.’’ मग त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याकडे मान वळवली. ‘‘तो बघ. तीन महिने त्याच्याखाली डबा खातोस.’’

ध्रुवने भिंतीवरचा फोटो पाहिला, पडद्यावरचा पाहिला, आणि पुन्हा भिंतीवरचा. कडा दोन्हीकडे सारखीच विरलेली होती, ओल आलेल्या भिंतीवर रंगाची हद्द विरते तशी. त्याने मशीनला काप घ्यायला लावला. नसेच्या तोंडाशी एरवी खळगा असतो. मायाच्या कापात टेकडी होती.

‘‘आता दे,’’ माया म्हणाली. तिच्या हातात बेडूक गेला. पुढची पंधरा मिनिटं विभागात दुसरा कुठलाही आवाज ऐकू येणं अवघड होतं.

डॉ. वेलकरांच्या जागी आता डॉ. क्षितिजा आहेत. त्या खाली आल्या, उभ्या उभ्याच पडद्याकडे पाहिलं, आणि बसल्या. चष्मा पुसायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात त्यांचं पाहून झालं. मग त्यांनी वरच्या मजल्यावर फोन लावला आणि तार ठेवायची गरज नाही, थेट शस्त्रक्रियेची तारीख बघा, असं सांगितलं. फोन ठेवल्यावर विचारलं, ‘‘आधीच्या दोन्ही वेळी असंच होतं?’’

ध्रुव एक पाऊल पुढे आला. ‘‘मॅडम, ते... मी...’’

‘‘आम्ही ठेवले नाहीत,’’ तळपदे म्हणाले.

डॉ. क्षितिजांनी दोघांकडे पाहिलं. ‘‘किती आठवडे?’’

‘‘सहा.’’

तो आकडा तळपद्यांच्या ओळखीचा होता.

बाहेर जाईबाईंना सांगायचं काम त्यांनीच मागून घेतलं. फोटो आधीही निघाला होता, आम्हीच तो फेकला, हेही सांगितलं. जाईबाई म्हणाल्या, ‘‘म्हणजे माझी पोरगी हलत नव्हती.’’

‘‘नव्हती.’’

‘‘मी तेच सांगत होते त्या पोराला.’’ त्यांनी पदराने डोळे टिपले आणि ताबडतोब आवाज चढवला. ‘‘आणि शाळेतली ती बाई! नाटक म्हणते! हे कागदावर लिहून द्या मला. सही, शिक्का, सगळं. उद्याच तिच्या टेबलावर ठेवते.’’

‘‘आजी, डोळा वाचेल ना, ते विचारा आधी,’’ ध्रुव म्हणाला.

‘‘ते विचारायची हिंमत नाय म्हणून तर हे बोलतेय ना रे,’’ जाईबाई म्हणाल्या.



*

शस्त्रक्रिया ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात झाली. निवृत्तीनंतर मिळालेली तळपद्यांची मुदतवाढ नोव्हेंबरअखेर संपणार होती. मायाची तपासणी त्याच्या चार दिवस आधी आली. डोक्यावर बोटभर केस उगवले होते. ती स्वतःच खुर्चीवर चढली, हनुवटी टेकवली, कपाळ लावलं आणि म्हणाली, ‘‘बेडूक कुठेय?’’

बेडूक आता ध्रुवच्या हातात होता. तळपदे मागे उभे राहिले.

‘‘एकदाच,’’ ते हळूच म्हणाले.

टक्. हिरवा आठ. दुसरा डोळा, ध्रुवने घाई केली, मायाने पापणी मिटली, लाल दोन. मग पुन्हा, आठ. चकती पिवळी, कडा दोन्ही डोळ्यांत सगळीकडे रेखीव. टेकडी बसली होती. डॉ. क्षितिजांनी तक्त्यावरची अक्षरं वाचून घेतली. माया शेवटच्या ओळीपर्यंत गेली आणि खालचं छापखान्याचं नावही वाचू लागली. ध्रुवने सगळी चित्रं जपून ठेवली. मिटलेल्या पापणीचंही.

निघताना जाईबाई अडून बसल्या. ‘‘एवढे फोटो काढलेत माझ्या नातीचे, एक दिला नाय घरी. असला कसला फोटोवाला?’’

तळपदे खाली वाकले. कपाटाच्या तळाशी, गिरगावातून आणलेल्या खोक्यात, करड्या पुठ्ठ्याच्या घड्या होत्या; पातळ कागदाचा पदर पिवळा पडलेला, कोपऱ्यातली उठावाची अक्षरं शाबूत. दुकान मिटलं तेव्हा तीसेक उरल्या होत्या. त्यांनी मायाच्या उजव्या डोळ्याचा फोटो छापला, कडेने कापला, घडीत बसवला, पदर नीट केला आणि दोन्ही हातांनी जाईबाईंच्या हातात दिला. दुकानात देत तसा.

जाईबाईंनी चष्मा लावला. पदर उचलला. नारिंगी गोल, तांबड्या शिरा, मध्ये रेखीव पिवळी चकती. घडी लांब धरली, जवळ आणली, उजेडाकडे वळवली. मायाही टाचा उंचावून बघत होती. ध्रुवने तळपद्यांकडे पाहिलं. हे समजावून सांगायला हवं, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

‘‘बापावर गेलीय,’’ जाईबाई म्हणाल्या.

‘‘अगदी,’’ तळपदे म्हणाले.